जुन्नर ते कळसूबाई : इतिहास आणि दंतकथांच्या डोंगरातली रोड ट्रिप कशी आखायची?

शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, माळशेज, हरिश्चंद्रगड, भंडारदरा, कळसूबाई. मोबाईलच्या नकाशावर ही सगळी ठिकाणं एकमेकांना खेटून दिसतात. 'शनिवार-रविवारी सगळं उरकू' असं म्हणत अनेक ग्रुप निघतात. मग रविवारी रात्री धुक्यात घाट उतरताना लक्षात येतं, की अर्धी ठिकाणं बघायची राहिली आणि जी पाहिली तिथं फक्त फोटो काढले.

गडबड होते ती आखणीत. हा प्रदेश ठिकाणांची यादी करून बघायचा नाही. इथला डोंगर कसा पसरलाय, आणि प्रत्येक जागेला कोणती गोष्ट चिकटली आहे, हे आधी समजून घेतलं तर चार दिवसांत तो नीट बघून होतो.

नकाशा इथे का फसवतो?

सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. तिच्या पश्चिमेला कोकण आणि पूर्वेला देश. याच भागात मुख्य रांगेतून दोन फाटे पूर्वेकडे निघतात. एक हरिश्चंद्रगडाची रांग, दुसरी कळसूबाईची. या दोन रांगांच्या मधल्या खोऱ्यांतून मुळा आणि प्रवरा नद्या वाहतात.

त्यामुळे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं तर गाडीला डोंगर ओलांडावा लागतो किंवा वळसा घालावा लागतो. हरिश्चंद्रगडाचंच उदाहरण घ्या. दक्षिणेला जुन्नर तालुक्यातलं खिरेश्वर आणि उत्तरेला अकोले तालुक्यातलं पाचनई, ही गडाच्या पायथ्याची दोन गावं. एका गावातून चढून दुसऱ्या गावात पायी उतरता येतं. पण गाडीला तेच अंतर ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असं फिरून कापावं लागतं. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरायचं ठरवलं आणि गाडीची सोय केली नाही, तर परतीचा अर्धा दिवस गाडीपर्यंत पोहोचण्यातच जातो.

ओतूरहून ब्राह्मणवाड्याकडे जाताना आणखी एक रेषा नकळत ओलांडली जाते. जुन्नर बाजूला पडलेला पाऊस कुकडी, घोड, भीमा असा प्रवास करत कृष्णेला मिळतो. डोंगरापलीकडे पडलेला पाऊस मुळा आणि प्रवरेतून गोदावरीत जातो. म्हणजे हा एक डोंगर दोन मोठ्या नद्यांची खोरी वेगळी करतो.

हा रस्ता मुळात कुणाचा?

आज आपण जिथे सहलीला जातो, तो दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग होता. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण. तिथून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट आणि घाट उतरून कल्याण, सोपारा ही बंदरं, असा तो रस्ता.

जुन्नरच्या आसपास दोनशेच्या घरात लेणी आहेत, त्याचं कारण या रस्त्यात आहे. व्यापारी मार्गांवरच्या बौद्ध भिक्षूंच्या विहारांना व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या श्रेणी दान देत. तशी नोंद करणारे शिलालेख लेण्यांमध्ये सापडतात. लेणी, घाट आणि किल्ले वेगवेगळे बघण्यापेक्षा 'एका रस्त्याच्या खुणा' म्हणून बघितले, की ट्रिपला आपोआप क्रम मिळतो.

दंतकथा कुठली आणि नोंद कुठली?

या पट्ट्यात जवळपास प्रत्येक जागेला दोन गोष्टी आहेत. एक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली, दुसरी दगडावर किंवा कागदावर सापडणारी. दोन्ही महत्त्वाच्या. फक्त रील किंवा पोस्टच्या कॅप्शनमध्ये त्यांची सरमिसळ होते, आणि चुकीची माहिती हजारो लोकांपर्यंत जाते.

नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत आणि त्यावरूनच घाटाला नाव पडलं, असं सांगितलं जातं. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. अनेक जण हा लेख जकातीचाच समजतात. प्रत्यक्षात लेखाच्या वाचता येणाऱ्या भागात यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. या आकड्यांमुळेच हा लेख भारतीय अंकांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. गुहेत राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्तीही होत्या. आज त्यांची वर कोरलेली नावं आणि पावलांचे अवशेष तेवढे दिसतात. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं.

लेण्याद्री. पार्वतीने इथे तप केलं आणि गणपती तिचा पुत्र झाला, म्हणून तो 'गिरिजात्मज', अशी कथा आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात असलेलं हे एकमेव स्थान. ते ज्या सातव्या लेण्यात आहे, तो मुळात बौद्ध विहार. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत.

शिवनेरी. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म इथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. ही राज्य सरकारने मान्य केलेली तारीख. गडावरच्या शिवाई देवीवरून त्यांचं नाव ठेवलं, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट. गडाच्या कड्यात कोरलेली लेणी मात्र शिवकाळाच्या कितीतरी शतकं आधीची आहेत.

आळे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. शेजारच्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा आळंदीला परतताना इथे मरण पावला, अशी श्रद्धा आहे. इथे शोधायचा तो पुरावा नाही, वारकरी परंपरेची आठवण. वाटेत अर्धा तास काढला तरी पुरतो.

हरिश्चंद्रगड. गडाच्या शिखरांना तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र अशी नावं आहेत. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या थंड पाण्यात मोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. प्रत्येक खांब म्हणजे एक युग, तीन युगं संपली म्हणून तीन खांब तुटले, आणि चौथा तुटला की कलियुग संपणार, ही कथा सर्वांत जास्त शेअर होते. चांगदेवांनी याच गडावर तप केलं आणि 'तत्त्वसार' लिहिला, अशीही परंपरा आहे.

नाणेघाटातल्या लेखाशी जोडलेले साइक्स इथेही भेटतात. कोकणकड्यावरून दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, म्हणजे इंद्रवज्राची, १८३५ मधली नोंद त्यांच्याच नावावर आहे. पाठीमागे सूर्य आणि समोर दरीत ढग असले, की आपली सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडं दिसतं. नशीब लागतंच, पण वेळही नेमकी लागते.

रतनवाडी. रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आहे. ते शिलाहार राजा झंझ याने बांधल्याचं मानलं जातं. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेला 'अमृतवाहिनी' म्हणतात. समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताचं वाटप याच नदीच्या काठी खाली नेवाशात झालं, अशी कथा आहे. नेवाशाला मोहिनीराजाचं मंदिर आहे.

कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. कळसू ही कोळी समाजातली मुलगी. झाडलोट आणि भांडी घासण्याचं काम करणार नाही, या अटीवर ती एका घरी राहिली. ती अट मोडली गेली, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली, अशी एक प्रचलित कथा आहे. शिखरावर तिचं छोटं मंदिर आहे आणि नवरात्रात मोठी गर्दी होते. ट्रेकर्ससाठी हे शिखर असलं, तरी पायथ्याच्या गावांसाठी ती देवी आहे.

याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. त्यांनी महादेव कोळ्यांना सोबत घेऊन इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ही मात्र कागदोपत्री नोंद असलेली गोष्ट. तरीही ती सहलीच्या पोस्टमध्ये क्वचितच दिसते.

चार दिवसांचा आराखडा

पहिला दिवस : जुन्नर. पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर साधारण ९५ किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर ऊन चढायच्या आत शिवनेरी होतो. दुपारी लेण्याद्री आणि उन्हं कलताना नाणेघाट. जुन्नर ते नाणेघाट हा वळणांचा रस्ता आहे, एका बाजूला तासभर तरी धरा. मुक्काम जुन्नरमध्येच. मुंबईकरांनी कल्याण-मुरबाड-माळशेजमार्गे यावं, म्हणजे घाट दिवसाउजेडी पार होतो.

दुसरा दिवस : हरिश्चंद्रगड. जुन्नर, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, पाचनई. पाचनईची वाट इतर वाटांपेक्षा सोपी, चढायला दोन ते तीन तास. कोकणकडा बघून अंधाराआधी पाचनईत उतरा. गावात घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय होते, आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं बरं. ज्यांना चढाई नको, त्यांनी हा दिवस आळे आणि माळशेजला द्यावा.

तिसरा दिवस : भंडारदरा. पाचनईहून राजूर आणि पुढे भंडारदरा. इथलं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वर बघा. मुक्काम शेंडी गावात.

चौथा दिवस : कळसूबाई आणि परत. बारी गावातून पहाटे चढायला सुरुवात करा, साधारण तीन तास लागतात. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. दुपारपर्यंत खाली उतरून घोटीला मुंबई-नाशिक महामार्ग गाठता येतो.

दोनच दिवस असतील तर दोनपैकी एकच बाजू निवडा : जुन्नर-नाणेघाट किंवा भंडारदरा-कळसूबाई. दोन्ही कोंबायला गेलात तर वेळ रस्त्यातच जाईल.

कोणत्या महिन्यात जायचं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पठारांवर सोनकीची पिवळी फुलं असतात. डिसेंबर-जानेवारीत गडावर कडाक्याची थंडी पडते आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून परतीची वेळ आधीच ठरवा.

मार्च ते मे ऊन आणि पाण्याची टंचाई. गडावरच्या टाक्यांतलं पाणी गृहीत धरू नका, माणशी किमान तीन लिटर सोबत घ्या. गावात पाणी मागताना तिथल्या बायका ते किती लांबून आणतात, हे लक्षात असू द्या.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, घाटघर परिसरात काजवे दिसतात. त्यांचं चमकणं हा जोडीदार शोधण्याचा इशारा असतो. गाड्यांचे हेडलाइट, टॉर्च आणि फ्लॅश यांमुळे त्यात अडथळा येतो. गाडी लांब लावा, दिवे बंद करा आणि नुसते बघा. मोबाईलमध्ये ते तसेही नीट येत नाहीत.

जून ते सप्टेंबर हा सर्वांत देखणा आणि सर्वांत धोक्याचा काळ. नाणेघाटात कोकणातून वर येणारा वारा इतका जोराचा असतो, की धबधब्याचं पाणी उलटं उडतं. त्याच वाऱ्यात कड्यावरचा माणूसही तोल जाऊन पडू शकतो. अनेक दिवसांच्या पावसाने डोंगरावरची माती पाणी पिऊन जड होते आणि दरड सुटते. जुन्नरला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव अशाच दरडीखाली गाडलं गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. म्हणून पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, कडे आणि घाटांवर प्रतिबंधात्मक आदेश काढतात. निघण्याच्या दिवशी ते आदेश आणि हवामान विभागाचा इशारा तपासा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ट्रिप पुढे ढकला. हॉटेलचे पैसे बुडतील, तेवढंच.

घाटात गाडी चालवताना

- उतारावर गाडी न्यूट्रल करू नका आणि इंजिन बंद करू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐनवेळी लागत नाही.
- अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. नियमही तोच आहे.
- धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांवर येतो.
- वळणावर किंवा दरडप्रवण कड्याखाली फोटोसाठी गाडी थांबवू नका.
- जुन्नर परिसर बिबट्यांसाठी ओळखला जातो. उसाच्या शेतांमधून रात्री, विशेषतः दुचाकीवरून फिरणं टाळा.
- डोंगराआड मोबाईलला रेंज नसते. ऑफलाइन नकाशा, सुटे पैसे आणि भरलेली टाकी घेऊनच मोठं गाव सोडा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर महामार्गावरच पूर्ण चार्ज करा.
- पोलीस, अपघात, अडकणं यासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. कोणत्या वाटेने कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

नियम काय सांगतात?

हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं, आणि तंबू, शेकोटी, मोठा आवाज यावर वनविभागाचे निर्बंध असतात. मुक्कामाचं आधी विचारून घ्या.

संरक्षित स्मारकांवर नाव कोरणं किंवा रंग फासणं हा गुन्हा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाची नासधूस केल्यास कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रोनसाठीही परवानगी लागते. परवानगी नसेल तर तो बॅगेतच राहू द्या.

निघण्याआधी चार प्रश्न

ग्रुपमध्ये तारीख ठरवण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा :

- ज्या महिन्यात जातोय, त्या महिन्यात ही जागा सुरक्षित आणि खुली आहे का?
- प्रत्येक घाट उजेडात पार होतोय का?
- ग्रुपमधल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला ही चढाई झेपेल का?
- तिथली गोष्ट सांगायची झाली, तर त्यातली दंतकथा कोणती आणि नोंद कोणती, हे माहीत आहे का?

पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर यादीतलं एक ठिकाण कमी करा. चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पाचनईत, रतनवाडीत किंवा बारीत स्थानिक वाटाड्या घ्या. गावात त्याचे चार पैसे होतात, आणि तुम्हाला वाटेबरोबर तिथली गोष्टही गावातल्याच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळते.